नऱ्हे, काळेवाडी आणि ज्ञानेश्वर: मराठी डेटासाठी माझा सेटअप

नवीन प्रोजेक्टच्या टेस्ट डेटात पहिलं नाव कुठलं जातं? टेस्ट वन, एबीसी, फार तर जॉन डो (इंग्रजीतलं नेहमीचं काल्पनिक नाव). ऑफिस हिंजवडीत, युजर सगळे सातारा-सांगली-बारामतीचे, आणि डेटाबेसमधला पहिला ग्राहक मात्र जॉन डो. मग सगळ्या टेस्ट हिरव्यागार, डेमो झकास, आणि गो-लाइव्ह झालं की क्यूएवाला (टेस्टिंग करणारा) डेस्कपाशी येऊन उभा, "अगं, नऱ्हेचा कस्टमर लिस्टमध्ये दिसतोय पण सर्च केला की सापडत नाहीये."

यावर माझा उपाय एकदम साधा आहे, प्रत्येक रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या फोल्डरमध्ये) पहिल्या दिवशी खडूस नावाची एक टेक्स्ट फाइल टाकते आणि टेस्टमध्ये सगळीकडे तीच वापरायची असा नियम करते. तिच्यात ज्ञानेश्वर, नऱ्हे, ॲडव्होकेट, क्षितिजा, सुनीता आणि सुनिता दोन्ही, शिंदे आणि शिन्दे दोन्ही, काळेवाडी, कासारवाडी, मराठी आकड्यांत लिहिलेला पिनकोड ४११००१, आणि शेवटी एक इमोजी. एवढ्या दहा-बारा ओळींनी जे बग बाहेर येतात ते जॉन डो जन्मात काढणार नाही. खाली त्या फाइलमुळे हळूहळू जमलेले स्निपेट आणि सेटिंग्ज आहेत. कमांड मी बोलते तशा देवनागरीतच लिहितेय, कॉपी-पेस्ट होणार नाही, टाईप करा, त्याने लक्षात पण राहतं.

सगळ्यात आधी एक छोटं टूल, याच्याशिवाय बाकीचं समजतच नाही. शेल प्रोफाइलमध्ये मी "फोड" नावाचं फंक्शन ठेवलंय (नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत, पण टाइप करताना मनात फोडच म्हणते). आत पायथनची एक ओळ आहे, युनिकोडडेटा इम्पोर्ट करायचं, दिलेल्या स्ट्रिंगवर लूप फिरवायचा आणि प्रत्येक कॅरेक्टरसाठी ऑर्डचं हेक्स आणि युनिकोडडेटा डॉट नेम प्रिंट करायचं, बास. कुणी म्हणालं की दोन्ही शब्द सेम दिसतायत पण मॅच होत नाहीत, की दोन्ही फोडायचे. वाद तिथेच संपतो.

आता ज्ञानेश्वर फोडून बघा. डोळ्याला चार अक्षरं दिसतात, ज्ञा-ने-श्व-र. फोडल्यावर दहा ओळी येतात कारण हलन्त वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर ३ बाइट घेतं, म्हणजे ३० बाइट. आणि युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला कोड देणारं स्टँडर्ड) नियमाने "युजरला एक अक्षर वाटेल" असे तुकडे पाडायला सांगितले तर जुन्या लायब्ररीत ६ येतात आणि नव्या नियमाने ४, कारण देवनागरीतली जोडाक्षरं तोडायची नाहीत हा नियम मूळ स्टँडर्डमध्ये २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. तर या नावाची लेंग्थ किती, या प्रश्नाला ४, ६, १० आणि ३० अशी चार उत्तरं आहेत, आणि कोड लिहिणाऱ्याने कुठलं धरलंय हे त्याला स्वतःला माहीत नसतं.

याचे फटके मजेशीर असतात. ओरॅकलमध्ये व्हारचार-टू ५० असं लिहिलं तर डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते ५० बाइट असतात, म्हणजे मराठीची १६ कॅरेक्टर. ज्ञानेश्वर लिहिल्यावर २० बाइट उरले, एक स्पेस गेली, आडनावासाठी सहा कॅरेक्टर शिल्लक, आणि त्यात काना-मात्रा-अनुस्वार सगळं मोजून. कॉलम बनवताना ५० च्या पुढे स्पेस देऊन कॅर लिहिलं की विषय संपतो, पण ते लिहायचं लक्षात असायला पाहिजे ना. मायएसक्यूएलमध्ये उलटं लफडं, तिथे यूटीएफ-८ नावाचं जे जुनं कॅरेक्टर सेट आहे ते तीन बाइटांपर्यंतच जातं, देवनागरी तीन बाइटांत बसते म्हणून सगळं छान चालतं आणि आपल्याला वाटतं झालं काम, मग कुणीतरी कमेंटमध्ये इमोजी टाकतो, तो चार बाइटांचा, आणि इन्सर्ट बोंबलतं. म्हणून तर खडूस फाइलच्या शेवटी इमोजी आहे. यूटीएफ-८-एमबी-४ वापरा, मायएसक्यूएल ८ मध्ये तेच डिफॉल्ट आहे, पण जुने डंप रिस्टोअर केले की जुनं कॅरेक्टर सेट परत घुसतं.

कार्डवर नाव लांब झालं की पंधरा कॅरेक्टरला कापून तीन टिंबं लावायची सवय सगळ्या फ्रंटएंडवाल्यांना असते. मराठीत कात्री हलन्तावर पडली तर अर्धं अक्षर लोंबकळत राहतं, मात्रेच्या आधी पडली तर शब्दच बदलतो. शक्यतो सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लो इलिप्सिसवर सोडा, ब्राउझरला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोडमध्येच कापायचं असेल तर जावास्क्रिप्टमध्ये इंटल डॉट सेगमेंटर आहे, लोकेल एमआर द्यायचं, ग्रॅन्युलॅरिटी ग्राफीम (म्हणजे युजरला एक अक्षर वाटेल तो तुकडा), त्याने पाडलेले तुकडे ॲरेत घेऊन हवे तेवढे जोडायचे. पायथनमध्ये सोबत येणाऱ्या आरई मॉड्यूलला (रेजेक्सचं, म्हणजे नमुना देऊन मजकूर जुळवायचं मॉड्यूल) हे जमत नाही, पिपने रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल टाकायचं आणि बॅकस्लॅश कॅपिटल एक्सने फाइंडऑल करायचं.

आता नऱ्हे. सिंहगड रोडकडून कात्रजकडे जाणाऱ्यांना हे गाव माहीत आहे, डेव्हलपरला त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र माहीत पाहिजे. तो टाइप करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र कॅरेक्टर, कोड ०९३१, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरा, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर म्हणजे २००डी हे न दिसणारं कॅरेक्टर, मग ह. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सेम. कुठल्या कीबोर्डवरून आलंय त्यावर काय साठतं ते ठरतं. त्यात भर म्हणजे बरेच लोक सरळ रफार देऊन नर्हे लिहितात, आणि काही उत्साही सॅनिटायझर लायब्ऱ्या "इनव्हिजिबल कॅरेक्टर काढून टाकते हं" म्हणून २००डी उडवतात, मग दुसऱ्या रस्त्याने आलेलं नऱ्हे सेव्ह होताना आपोआप नर्हे होतं. जाता जाता फॅमिलीवाला इमोजी पण फुटतो, कारण तोही याच जॉइनरने जोडलेला असतो.

अॅचं पण तसंच. ॲप लिहायला २००८ च्या युनिकोड ५.१ पासून ॲ हे एकच कॅरेक्टर आहे, कोड ०९७२. त्याच्या आधीची सवय म्हणजे अ आणि त्याच्यावर चंद्र, अशी दोन कॅरेक्टर. आणि तिसरं हिंदीकडून आलेलं ऍ. पहिली दोन दिसायला सारखी असतात, आणि इथे गंमत अशी की नॉर्मलाइज केलं (म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या कोडने लिहिलेलं असेल ते एका ठरलेल्या रूपात आणलं) तरी एक होत नाहीत, युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळीच आहेत. "नॉर्मलाइझेशन केलंय आम्ही" असं सांगणाऱ्या माणसाला मी नेहमी हे उदाहरण देते.

त्यामुळे माझी पद्धत अशी की युजरने जे टाइप केलं ते जसंच्या तसं साठवायचं, त्याला अजिबात हात लावायचा नाही, आणि शेजारी सर्च-की नावाचा वेगळा कॉलम ठेवायचा. सर्च करताना युजरच्या इनपुटवर तेच फंक्शन चालवायचं आणि की ला की शी भिडवायचं. फंक्शनमधला क्रम महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं, एनएफडी नॉर्मलाइझ, म्हणजे कॅरेक्टरचे सुटे भाग करणारं रूप. सगळे एनएफसी म्हणजे भाग जोडणारं रूप सांगतात, मी इथे मुद्दाम एनएफडी घेते, कारण एनएफडीमध्ये ऱ चे दोन भाग होतात, साधा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब). हिंदी कीबोर्डवरून आलेल्या गायकवाड़ मधला ड़ पण ड आणि नुक्ता असा फुटतो. मग दुसऱ्या स्टेपला नुक्ता म्हणजे ०९३सी, आणि २००सी (झीरो विड्थ नॉन-जॉइनर), २००डी ही तीन कॅरेक्टर उडवायची. झालं, नऱ्हे कुठल्याही रस्त्याने आलेलं असो, की मध्ये नर्हे होतं, आणि गायकवाड़चा गायकवाड. तिसरं, अ आणि चंद्र ही जोडी आणि ऍ, दोन्ही बदलून ॲ. चौथं परसवर्ण (अनुस्वाराऐवजी पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक लिहिणं), म्हणजे ङ् च्या पुढे क ख ग घ, ञ् च्या पुढे च छ ज झ, ण् च्या पुढे ट ठ ड ढ, न् च्या पुढे त थ द ध आणि म् च्या पुढे प फ ब भ आलं तरच अनुस्वार करायचा. "तरच" वर जोर आहे, नाहीतर जन्म, पुण्य, अन्न सगळ्यांची वाट लागेल. चंद्रबिंदूचा पण अनुस्वारच करून टाकायचा. पाचवं, दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराचा ऱ्हस्व, म्हणजे सुनीता आणि सुनिता एका जागी येतात. शुद्धलेखनवाल्यांनी रागावू नये, हे कुणाला दिसत नाही. शेवटी मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे आणि लोअरकेस.

यात तोटा आहेच. आचाऱ्यांना आणि आचार्यांना या दोन्हींची की एकच होते. सर्चला ते चालतं, दोन रिझल्ट जास्त आले तर काही बिघडत नाही, पण ही की चुकूनही स्क्रीनवर किंवा छापील पत्रात जाता कामा नये, नाहीतर स्वयंपाक्यांचं निमंत्रण प्राध्यापकांना जाईल. आणि युनिक कन्स्ट्रेंट पण यावर लावू नका. पोस्टग्रेसवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की व्हर्जन १३ पासून नॉर्मलाइज फंक्शन डेटाबेसमध्येच आहे, ट्रान्सलेट आणि रेजेक्सप-रिप्लेस सोबत घेतलं की सगळं एसक्यूएलमध्ये पण बसवता येतं. मला ते ॲप कोडमध्ये ठेवायला आवडतं कारण टेस्ट लिहायला सोपं जातं.

नावाचं व्हॅलिडेशन हा वेगळाच विनोद आहे. पायथनमध्ये इझअल्फा लावून बघा, कमल पास होते, मदन पास होतो, सुनीता नापास. कारण काना-मात्रा-वेलांटी ही पायथनच्या हिशोबात अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. आरई मॉड्यूलचं बॅकस्लॅश डब्ल्यू (शब्दातलं कॅरेक्टर ओळखणारं) पण तसंच वागतं, पुणे दिलं तर प आणि ण असे दोन शब्द हातात देतं. जावास्क्रिप्टचं बॅकस्लॅश डब्ल्यू तर इंग्रजीच्या बाहेर जातच नाही. तिथे रेजेक्सला यू फ्लॅग लावायचा आणि कॅरेक्टर क्लासमध्ये बॅकस्लॅश पी महिरपी कंसात एल, आणि परत बॅकस्लॅश पी महिरपी कंसात एम, अशा दोन्ही गोष्टी घ्यायच्या. एल म्हणजे अक्षरं, एम म्हणजे चिन्हं. सोबत स्पेस, टिंब आणि ते दोन न दिसणारे जॉइनर. खरं सांगायचं तर नावाला रेजेक्स लावूच नये असं माझं मत आहे, पण ते मत सिक्युरिटी ऑडिटवाल्यांना पटत नाही.

आकडे. पायथनमध्ये इंट फंक्शनला ४११००१ असं मराठीत दिलं तर ते गुपचूप बरोबर नंबर देतं, रेजेक्समधलं बॅकस्लॅश डी (आकडा ओळखणारं) पण मराठी आकडे पास करतं. जावास्क्रिप्टमध्ये नंबर फंक्शनला तेच दिलं की नॅन, म्हणजे "हा नंबर नाही". म्हणजे फॉर्म पायथनच्या सर्व्हिसने पास केला, क्यूमधून नोडच्या सर्व्हिसकडे गेला आणि तिकडे मेला, आणि लॉग बघणाऱ्याला कळेना की नंबर तर समोर दिसतोय. पायथनमध्ये रेजेक्सला एएससीआयआय फ्लॅग द्या, किंवा त्यापेक्षा बरं म्हणजे आत येतानाच आकडे बदलून घ्या, युजरला "कृपया इंग्रजी आकडे वापरा" म्हणून ओरडू नका, कीबोर्ड मराठीवर असतो तेव्हा तो बिचारा काय करणार.

उलट्या दिशेने पण हाच झोल आहे. टूलोकेलस्ट्रिंगला एमआर-आयएन दिलं की रक्कम १२,३४,५६७ अशी मस्त लाख-हजारच्या स्वल्पविरामांसकट मराठीत येते. दाखवायला एकदम भारी. पण तीच स्ट्रिंग कुणी नंबर टाइपच्या इनपुटमध्ये भरली तर इनपुट रिकामं होतं, आणि तारखेची स्ट्रिंग एपीआयला पाठवली तर पलीकडे पार्सिंग गंडतं. मराठी महिने हवेत पण आकडे इंग्रजीच हवेत असं असेल तर लोकेलच्या शेपटीला डॅश यू डॅश एनयू डॅश लॅटन जोडायचं. हे शेपूट मला माहीत नव्हतं तोपर्यंत लोकांनी दहा रिप्लेस ओळीने लिहिलेले कोड मी रिव्ह्यूत पास केलेत.

सॉर्टिंगला पिंपरी-चिंचवडकडे जाऊ. एरियाच्या ड्रॉपडाउनमध्ये काळेवाडी आणि कासारवाडी. नुसतं सॉर्ट मारलं तर काळेवाडी आधी येते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर बसवलाय. हा तक्ता १९८८ च्या इस्की या भारतीय स्टँडर्डवर बेतलेला आहे, सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या त्यामुळे मराठी वर्णमालेचा क्रम तिथे शोधू नये. आपल्याला शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं शिकवलंय, त्या हिशोबाने कासारवाडी आधी पाहिजे, आणि क्षितिजा क मध्ये न येता पार खाली. जावास्क्रिप्टमध्ये इंटल डॉट कोलेटर ला एमआर देऊन त्याचं कम्पेअर सॉर्टला द्यायचं. पोस्टग्रेसमध्ये ऑर्डर बायच्या पुढे कोलेट आणि डबल कोटमध्ये एमआर-एक्स-आयसीयू, हे व्हर्जन १० पासून चालतं, बिल्ड आयसीयूसकट (भाषेप्रमाणे सॉर्टिंग करणारी लायब्ररी) असलं म्हणजे झालं. पेजिनेशन डेटाबेसमध्ये आणि सॉर्ट ब्राउझरमध्ये असं अर्धं-अर्धं करू नका, दोन पानांच्या सीमेवर रेकॉर्ड गायब झाल्यासारखी दिसतात.

आता मशिनचा सेटअप, हा पटकन उरकते. गिटमध्ये मराठी नावाची फाइल असली की स्टेटसमध्ये ३४० २४४ असे बॅकस्लॅशवाले आकडेच आकडे दिसतात, त्यावर गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल, कोअर डॉट कोटपाथ, फॉल्स, संपलं. विंडोजवर पायथन असेल तर एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनयूटीएफ८ ची व्हॅल्यू १ ठेवा, नाहीतर फाइल ओपन करताना दरवेळी एन्कोडिंग लिहायला विसरून चारमॅपवाली एरर येत राहते. जावा १८ पासून यूटीएफ-८ डिफॉल्ट झालंय, पण बँकांच्या प्रोजेक्टवर जावा ८ वर बसलेली मंडळी मगरपट्ट्यापासून बाणेरपर्यंत भरपूर आहेत, त्यांनी डॅश कॅपिटल डी लावून फाइल डॉट एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यायचं. जेसनच्या डम्प्सला एन्शुअर-एएससीआयआय फॉल्स, म्हणजे लॉगमध्ये मराठी मराठीसारखं दिसेल. व्हीएस कोडमध्ये फॉन्ट फॅमिलीत नेहमीच्या मोनोस्पेस फॉन्टनंतर नोटो सान्स देवनागरी लिहा आणि लाइन हाइट थोडी वाढवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. न दिसणारी कॅरेक्टर हायलाइट करायचं सेटिंग चालू असतं ते त्रास देतं म्हणून बंद करू नका, नऱ्हेचा घोळ तिथेच पकडता येतो. टर्मिनलकडून फार अपेक्षा ठेवू नका, जोडाक्षरं बहुतेक ठिकाणी तुटकीच दिसतात, डेटा बरोबर असतो, शंका आली की फोड.

एक्सेलचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे कारण शेवटी सगळा डेटा अकाउंट्सच्या एक्सेलमध्येच जातो. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच लिहिलेली असते, पण विंडोजवर डबलक्लिक केलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ए ची रांग दिसते आणि फोन येतो, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर मराठी बिघडवतंय." पायथनमध्ये एन्कोडिंगला यूटीएफ-८-सिग लिहा, फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण पडते आणि एक्सेलला कळतं. फक्त तीच फाइल परत वाचताना पण सिगच द्या, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला ती खूण चिकटते आणि की-एरर येते.

जुन्या सिस्टीममधून डेटा आला असेल तर आधी फोड मारा. आत मराठी कॅरेक्टरऐवजी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं निघाली तर तो युनिकोडच्या आधीच्या फॉन्टचा माल आहे, तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच मराठी दिसतो. त्यात वेलांटी दिसते त्या क्रमाने म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे नुसता अक्षराला अक्षर असा मॅप करून भागत नाही, वेलांटी अक्षराच्या नंतर आणि रफार अक्षराच्या आधी सरकवायला लागतो, तेही पूर्ण जोडाक्षर ओलांडून. प्रत्येक फॉन्टचा मॅप वेगळा. या कामाचं एस्टिमेट देताना जे मनात येईल ते दुप्पट करून सांगा.

पीडीएफ आणि इमेज. डॉकरच्या स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, त्यामुळे लॅपटॉपवर सुंदर दिसणारी पावती सर्व्हरवर चौकोनांनी भरून येते. डेबियनवर ॲप्टने फॉन्ट्स-नोटो-कोअर, अल्पाइनवर फॉन्ट-नोटो-देवनागरी. फॉन्ट असूनही "किती" मधली वेलांटी क च्या नंतर पडत असेल तर प्रॉब्लेम शेपिंगचा आहे, म्हणजे लायब्ररी अक्षरं एकामागोमाग नुसती ठेवतेय, जुळवत नाहीये. पायथनच्या पिलोमध्ये फीचर्स डॉट चेक ला राक्म देऊन बघा, फॉल्स आलं तर तेच कारण. पीडीएफसाठी मी हेडलेस क्रोम नाहीतर वीझीप्रिंट वापरते, दोन्हीत शेपिंग नीट होतं.

आणि एसएमएसचं टेम्प्लेट मराठीत हवंय असं प्रॉडक्टवाल्यांनी म्हटलं की त्याच मीटिंगमध्ये सांगून टाका, इंग्रजी मेसेजला १६० कॅरेक्टर मिळतात, मराठी अक्षर आलं की ७०, आणि मेसेज त्याहून लांब झाला की प्रत्येक तुकड्याला ६७. काना, मात्रा, हलन्त सगळं त्यात मोजलं जातं, एकटा ज्ञानेश्वर त्यातले दहा खातो. "प्रिय ग्राहक, आपला ओटीपी" इथपर्यंत येता येता जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो, बिल कुणी भरायचं ते त्यांनी ठरवावं.